संक्रांतीच्या पुढचं सगळं गेलं

देवपूर, धुळे
११ एप्रिल २०२५

चि. भूपेंद्र,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन आला होता. तुझ्या काकूने, कमलबाईने, तो माझ्या कानाला लावला, पण मला नुसती खरखर ऐकू आली. सत्तावीस वर्षं बी चाळायच्या मशीनशेजारी काढली, आता ते मशीन कानातच राहायला आलंय. म्हणून लिहितो. तूही लिहीच. अमळनेरला आपण शेजारी होतो तेव्हा अख्ख्या गल्लीचे अर्ज तू लिहून द्यायचास, तेव्हा अक्षराची सबब सांगू नको.

तुला कळलंच असेल, शेठनी मला घरी बसवलं. रागावले नाहीत. प्रकाशचंद शेठ कधी आवाज चढवतच नाहीत. "नाना, आता आराम करा," एवढंच म्हणाले. जेवायच्या शेडमध्ये सगळी लॅबची माणसं डबे उघडून बसलेली, त्यांच्यासमोर. लॅब सांभाळणारी विधीताई खाली बघत होती. संक्रांतीपासून एक एप्रिलपर्यंतच्या बियाण्याच्या सगळ्या लॉटच्या उगवणीच्या नोंदी गेल्या. दोनशे बारा लॉट. कागदाचं रजिस्टर नव्या सर्व्हरवर गेल्यापासून बंदच केलं होतं, त्यामुळे कुठेच काही नाही.

आणि चूक माझीच. तू पांढऱ्या कागदावर लिहून चिकटवलं होतंस, की हा स्विच बंद करायचा नाही. पण शेजारच्या गोडाऊनला शॉर्टसर्किटने आग लागली त्या वर्षापासून मी संध्याकाळी निघताना मेन खाली ओढतो आणि हात जोडतो. त्या दिवशी हात आपोआप सगळ्याच स्विचांवर गेला. घरी येऊन चहा प्यालो तरी आठवलं नाही.

तू माझी बाजू घेऊन शेठना म्हणालास ना, की वय झालंय, माणूस आहे, चुकतो. विधीताईने सांगितलं मला. बरं वाटलं. तुझं नाव मीच शेठना सुचवलं होतं आणि तुझं पहिलं मोठं काम मीच बिघडवलं.

एक समजावून सांग. मी नेमकं काय मोडलं? डबा तर जागेवर आहे, दिवेही लुकलुकतात. एका डब्यात तीन सर्व्हर बसवलेत असं तू म्हणालास तेव्हा मी हसलो होतो. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

तुझा
सुकदेव नाना


जळगाव
१७ एप्रिल

ती. नानांना सा. न.

पत्र मिळालं. दोन दिवस खिशातच होतं. इकडे चव्वेचाळीस डिग्री आहे, दुकानातला कूलर पाणी कमी आणि आवाज जास्त फेकतो. कामिनी बरी आहे. ती विचारत होती, नाना-काकू मे महिन्यात येतात का आपल्याकडे.

तुम्ही विचारलंत ते सांगतो. एक मंगल कार्यालय धरा. पूर्वी एका हॉलमध्ये एकच लग्न. निम्मा हॉल रिकामा, पंखे फुकट फिरतायत. कंपनीचं असंच होतं. लॅबला एक कॉम्प्युटर, गेटच्या वजनकाट्याला एक, ऑफिसला एक, आणि तिन्ही म्हातारे. मी एक मोठा सर्व्हर आणला आणि आत कनाती लावून तीन लग्नं बसवली. प्रत्येक पार्टीला वाटतं, हॉल आपलाच आहे. लाईट, पाणी, जागा कोणाला किती द्यायची ते मॅनेजर बघतो. त्या मॅनेजरला आम्ही हायपरव्हायजर म्हणतो आणि ह्या कनाती लावायच्या कामाला व्हर्च्युअलायझेशन. म्हणजे लॅबचं मशीन खरं मशीन नाही, कनातीतलं आहे. पण त्याला स्वतःला ते माहीत नाही.

फायदा असा, की एका कनातीत गोंधळ झाला तर दुसऱ्या लग्नाला कळतही नाही. आणि काही नवीन करायच्या आधी त्या कनातीचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवता येतो. स्नॅपशॉट. पुढे बिघडलं तर सगळं पुन्हा फोटोतल्यासारखं लावता येतं. तुमच्या लॅबचा मी संक्रांतीच्या दिवशी काढला होता. असो.

तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. होतं असं. लाईट एकदम गेली की मशीनचं काही सांगता येत नाही.

सोबत पार्सल आहे. कानाचं मशीन. माझ्या ओळखीच्या दुकानातून घेतलंय, नाही म्हणू नका.

तुमचा
भूपेंद्र


देवपूर, धुळे
२६ एप्रिल

चि. भूपेंद्र,

पार्सल आलं. कानाचं मशीन लावलं तर पहिल्यांदा काय ऐकू आलं सांगू? कमलबाई स्वयंपाकघरात माझ्याबद्दल काय बोलते ते. काढून ठेवलं लगेच. मस्करी करतोय. पण एवढी महाग वस्तू मी तुझ्याकडून का घ्यायची? तुझं नुकसान मी करायचं आणि वर तूच मला भेट द्यायची? परत पाठवतोय. राग मानू नको.

तुझं मंगल कार्यालय मला समजलं. कमलबाईलाही समजलं. ती म्हणाली, तीन लग्नांचं जेवण एका आचाऱ्याकडे दिलं की असंच होणार.

आता मी रिकामा माणूस. सकाळी उठतो, अंघोळ करतो, आणि मग दिवस कसा घालवायचा ते सुचत नाही. तिकडे नरडाण्याला कंपनीत सगळे लॉट पुन्हा लावलेत म्हणे. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या करून, चौथ्या दिवशी मोजायचं, सातव्या दिवशी मोजायचं. पोरी मोजतात पण वाकड्या कोंबाला चांगला धरतात. मला बोलावतील असं वाटलं होतं. नाही बोलावलं.

तुला हसू येईल, पण मी घरातले स्विच लावायचे बंद केलेत. पंखा हवा असला तर कमलबाईला हाक मारतो. काल ती बाजारात गेली होती, तर तासभर घामात बसून राहिलो. हात उचलला की वाटतं, ह्याच्याने आता काय जाईल कोणास ठाऊक.

तू लिहिलंस त्यात एक माझ्या डोक्यात बसेना. लाईट मी एक एप्रिलला घालवली. मग जळायचं तर एक एप्रिलचं जळायला पाहिजे. फार तर मार्चचं. पण संक्रांतीपर्यंतचं सगळं जागेवर आहे आणि त्याच्या पुढचं एक अक्षर नाही, म्हणजे सुरीने कापल्यासारखं. लाईट जाताना तारीख बघून जाते का? आणि फोटोही तू संक्रांतीलाच काढला होतास. मी अडाणी माणूस, मला ह्यातलं काही कळत नाही, पण तुझ्या लक्षात येत असेल. माझी चूक मला नीट कळली तर मी निदान शांत बसेन.

तुझा
सुकदेव नाना


(हे पाठवलं नाही.)

जळगाव, १ मे

ती. नाना,

तुम्ही विचारलंत ते अगदी बरोबर

ती. नाना,

तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं होतं

नाना,

दोन एप्रिलला सकाळी विधीताईचा फोन आला की रात्री लाईट बंद होती, सर्व्हर पडला होता, आत्ता चालू केलाय, जरा बघ. मी इथूनच, दुकानातून, आत शिरलो. तिन्ही मशीनं उठली होती. तुमच्या लॅबचंही. मी नोंदी उघडून बघितल्या. एक एप्रिलच्या दुपारचा मक्याचा शेवटचा लॉटसुद्धा होता. तुमच्या स्विचने काहीच गेलं नव्हतं. काहीच नाही.

मग मला दिसलं की डिस्क भरत आलीय. कारण संक्रांतीचा फोटो मी काम झाल्यावर काढून टाकायला विसरलो होतो, आणि असा फोटो तसाच राहिला तर तो फुगत जातो. म्हटलं, आत आलोच आहे तर हे आवरून टाकू, कोणाला कळणारही नाही. दोन ओळी असतात एकाखाली एक. एक फोटो पुसायची, एक फोटोकडे परत जायची. समोर गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन उभं होतं. मी त्याच्याशी बोलत होतो. मशीनने विचारलं, आत्ताचं सगळं जाईल, चालेल ना? मी दिवसातून पन्नास वेळा त्या प्रश्नाला हो म्हणतो.

वीस सेकंदं लागली, नाना. अडीच महिने गेले त्यात.

मी हे पत्र तुम्हाला


जळगाव
३ मे

ती. नानांना सा. न.

घाईत लिहितोय, चोपड्याला एका बँकेचं काम आहे. तुम्ही म्हणता ते तारखेचं फार टेक्निकल आहे, पत्रात सांगणं अवघड. कधी कधी मशीन स्वतःहूनच जुन्या जागी जातं. तुम्ही त्यावर विचार करू नका, तब्येत सांभाळा. उन्हात फिरू नका.

कानाचं मशीन परत आलं. मी ठेवून दिलंय. मन बदललं तर सांगा.

भूपेंद्र


देवपूर, धुळे
१४ मे

चि. भूपेंद्र,

तुझं छोटं पत्र मिळालं. कामात असशील, चांगलं आहे. मशीन स्वतःहून जुन्या जागी जातं हे वाचून माझं समाधान झालं. माणूसही जातोच.

एक काम केलं, तुला सांगायचं होतं. घरात बसून बसून ते मनातून जाईना, म्हणून शेठना पत्र लिहिलं. लिहिलं की एक एप्रिलच्या संध्याकाळी स्पष्ट सूचना असताना मी मेन स्विच बंद केला, त्यामुळे कंपनीच्या दोनशे बारा लॉटच्या नोंदी गेल्या, त्याला मी एकटा जबाबदार आहे. आणि विनंती केली की हे पत्र लॅबच्या बोर्डावर लावावं, म्हणजे नव्या पोरापोरींना धडा राहील. विधीताईचा निरोप आला, लावलं म्हणून. सत्तावीस वर्षांत त्या बोर्डावर माझी सही निकालाखाली असायची.

खाली आणखी एक वाक्य घातलं, की भूपेंद्रने त्याचं काम चोख केलं होतं, त्याला ह्यात कोणी बोल लावू नये. विधीताई बॅकअपचं विचारत होती ना सारखं. तेवढं तरी तुझ्या वाटेतून बाजूला केलं.

आता मला हलकं वाटतं. रात्री झोप लागते.

तुझा
सुकदेव नाना


जळगाव
१८ मे

नाना,

पाया पडून वगैरे लिहीत नाही. त्याचा हक्क नाही मला.

तुमच्या हातून काहीही गेलं नाही. दोन एप्रिलला सकाळी मशीन चालू झालं तेव्हा सगळ्या नोंदी जागेवर होत्या, मी स्वतः बघितल्या. त्यानंतर मी संक्रांतीचा फोटो पुसायला गेलो आणि चुकून त्या फोटोकडेच परत गेलो. म्हणून संक्रांतीपर्यंतचं राहिलं. तुम्ही एप्रिलमध्येच नेमकं तिथे बोट ठेवलं होतं. एका कागदावर, काही माहिती नसताना. मी तुम्हाला खोटं कळवलं.

ही चूक झाली. चूक कोणाकडूनही होते असं मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. पण पुढचं चूक नव्हतं. विधीताईने फोनवर विचारलं, लाईटमुळे झालं का? मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, तसंच दिसतंय. मग ती म्हणाली, बॅकअप? बॅकअपसाठी एक वेगळी जागा ठेवली होती मी, पण तो सुरूच केला नव्हता. पुढच्या फेरीत करू म्हणून जानेवारीपासून राहिला. मी म्हणालो, त्याच झटक्यात तोही गेला. आणि शेठ लाइनवर आले तेव्हा, नाना, मी म्हणालो, वय झालंय त्यांचं, माणूस आहे, चुकतो. तुम्ही लिहिलंत मी तुमची बाजू घेतली. मी तुम्हाला पकडून दिलं.

तुमचं पंख्याचं पत्र वाचलं त्या दिवशी मी हे लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि गिऱ्हाईक आलं, असं मी म्हणू शकतो. गिऱ्हाईक आलं नव्हतं. एक मेची सुट्टी होती.

काय करू ते सांगा.

भूपेंद्र


धुळे
२६ मे

भूपेंद्र,

हे मी कमलबाई लिहिते. मला लिहिता येतं, चौथी पास आहे, नाना लिहितात म्हणून मी लिहीत नाही एवढंच. बठ्ठं, सगळंच्या सगळं वाचलं मी. दोनदा वाचलं.

काय करू सांगा असं त्यांनाच विचारतोस? मोडायचं तू आणि जोडायचं कसं ते त्यांनी सांगायचं? तू अमळनेरला आमच्या ओट्यावर बसून भरीत-भाकरी खायचास. तुझी आई सुइणीकडे होती तेव्हा तुला मी झोपवलं. ते मी काढत नाही, पण मनात येतं तर काय करू.

नानांचं सांगते. कोणी घरी आलं की तुझं पत्र खिशातून काढतात, दाखवायला म्हणून, आणि परत घडी करून ठेवतात. कंपनीतले एक जण आले होते, त्यांच्यासमोरही तसंच. मी विचारलं, का हो दाखवत नाही? तर म्हणाले, पोऱ्याचा धंदा जाईल. मी म्हटलं, आणि तुमचं नाव गेलं ते? तर म्हणाले, माझं जाऊन जाऊन किती जाईल, चार वर्षांनी साठीला तसाही घरीच बसणार होतो.

त्यांची माया त्यांच्यापाशी. माझी संपली. पुढच्या मंगळवारी, तीन तारखेला, मी नरडाण्याची बस पकडून शेठकडे जाणार आणि तुझं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवणार. नाना झोपलेले असताना खिशातून काढीन. त्याच्या आधी तू गेलास तर तुझं तोंड तुझ्याकडे राहील. नाही गेलास तरी मी जाणारच.

कामिनीला आशीर्वाद. तिला हे माहीत आहे का?

कमलबाई


जळगाव
५ जून

ती. नाना आणि काकूंना,

सोमवारी, दोन तारखेला, नरडाण्याला जाऊन आलो. स्वतःहून गेलो असं म्हणणार नाही. काकूंनी तारीख दिली नसती तर मी अजून दुकानातच असतो.

कामिनीला मी आदल्या दिवशी सांगितलं. तिने गाडीची किल्ली आणून टेबलावर ठेवली.

आधी शेठच्या केबिनमध्ये सांगितलं. विधीताई होती. शेठनी सगळं ऐकलं, मग चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "हे मला कशाला सांगतोस? मी नानांना कुठे बोललो होतो?" मला कळेना. तर म्हणाले, "शेडमध्ये. सगळे जेवत असताना. तिथे जा. दीड वाजता डबे उघडतात."

पाऊण तास मी शेडच्या बाहेर लिंबाखाली उभा होतो. मग आत गेलो. लॅबचे नवलभाऊ, त्या मोजणाऱ्या पोरी, गेटवरचे पितांबर, सगळे होते. मी म्हणालो, नानांच्या स्विचमुळे काही गेलं नाही, मी चुकीचं बटण दाबलं आणि नानांवर ढकललं. एवढं बोलायला किती वेळ लागतो? एक पोरगी म्हणाली, "काय? परत बोला, पंखा चालू आहे." मी परत बोललो. पितांबर म्हणाले, "अजून एकदा बोल, मला आवडलं." कोणी हसलं नाही. नवलभाऊंनी डबा बंद केला आणि बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेलो तर म्हणाले, "मी दोन महिने त्या माणसाला फोन केला नाही. मला कसं तोंड दाखवायचं ते आता तूच शिकव."

बोर्डावरचं तुमचं पत्र विधीताईने तिथल्या तिथे काढलं. माझ्या कंपनीचं काम सध्या थांबवलंय, पुढचं शेठ ठरवतील. बॅकअप मी त्याच दिवशी सुरू करून आलो, दुसऱ्या वेगळ्या मशीनवर. विधीताई मागे उभी होती, मी टाईप करताना प्रत्येक अक्षर बघत.

शेठ तुम्हाला बोलवायला गाडी पाठवणार आहेत. जा, नाना.

भूपेंद्र


देवपूर, धुळे
१४ जून

भूपेंद्र,

गाडी आली होती. मी परत पाठवली.

तुझं पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. नवल येऊन गेला, दारात उभा राहून रडला, कमलबाईने त्याला आत ओढला. शेठ स्वतः आले. सगळ्यांना पटलंय. मला पटलेलं नाही.

तू म्हणतोस तुझ्या बटणाने गेलं. आधी तू म्हणत होतास माझ्या स्विचने गेलं. दोन्ही वेळा मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा, दोन्ही वेळा मी बघितलेलं काहीच नाही. मी माझ्या नोकरीत असा एकही निकाल दिला नाही. कोणी सांगितलं की बी चांगलं आहे म्हणून सही केली, असं कधी नाही. आणि एकदा उगवलं म्हणूनही नाही. शंभर-शंभर दाण्यांचे चार भाग करायचे, चारही वेगवेगळे लावायचे, चारही मोजायचे, आणि चारांत फार फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. एका गुंडाळीत काहीही होऊ शकतं.

तर तू ये आणि माझ्या डोळ्यांसमोर करून दाखव. कनातीतलं मशीन खोटं असतं म्हणालास ना, मग तसंच एक खोटं लॅबचं मशीन दुसऱ्या कुठल्या जुन्या कॉम्प्युटरवर तयार कर. त्यात मी नोंदी घालीन, माझ्या हाताने. मग मी स्विच ओढीन, चार वेळा. मग तू तुझं बटण दाबशील, चार वेळा. विधीताईला मी विचारलंय, तिने एकवीस तारीख, शनिवार दिलाय.

जेवायला घरी येऊ नको. डबा घेऊन ये.

सुकदेव


देवपूर, धुळे
२४ जून

भूपेंद्र,

शनिवारचं लिहून ठेवतो, म्हणजे दोघांकडे सारखं राहील.

स्विच. मी चाळीस नोंदी घातल्या होत्या, मक्याच्या. प्लग ओढला, थांबलो, परत लावला. चाळीस. दुसऱ्यांदा चाळीस. तिसऱ्यांदा मशीन उठायला फार वेळ लागला, पडद्यावर काहीतरी पांढरं लिहून आलं, आणि तुझा चेहरा माझ्याहून जास्त उतरला. उठलं तेव्हा चाळीस. चौथ्यांदा चाळीस. तू त्यावर म्हणालास की स्विचने कधीच काही होत नाही असं नाही, एखाद्या वेळी होऊ शकतं, पण त्या दिवशी झालं नव्हतं. हे तू न विचारता सांगितलंस. ते मी लक्षात ठेवलंय.

बटण. आधी तू फोटो काढलास, मग मी चाळीस नोंदी घातल्या, मग तू दाबलंस. शून्य. पुन्हा घातल्या, पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी नोंदी घालताना माझी बोटं दुखायला लागली, तेव्हा तू म्हणालास, नाना, मी घालतो. मी नको म्हटलं. दोन एप्रिलला काय गेलं ते तुला कळायचं तर घालणाऱ्याचे हात दुखलेले तू बघायला पाहिजेत, असं माझ्या मनात होतं. चौथ्यांदाही शून्य. चारांत काहीच फरक नाही. आता मला पटलं.

जेवताना तू तुझा डबा लांब खिडकीत उघडून बसलास. मला बोलवावंसं वाटलं. बोलावलं नाही.

तू गेल्यावर शेठनी मला केबिनमध्ये घेतलं. म्हणाले, नाना, ह्याला तुम्हीच आणला होता, आता ठेवायचा की काढायचा तेही तुम्हीच सांगा. हे तुला नवलकडून किंवा पितांबरकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. मी म्हणालो, त्याला काम येतं, ते मी जानेवारीत बघितलं. तो अंगावर आलं की खोटं बोलतो, ते मी एप्रिलपासून बघितलं. दोन्ही एकाच माणसात आहे. शेठ म्हणाले, म्हणजे काढू? मी म्हटलं, नवीन आणाल त्याच्यातलं काय काय आपल्याला माहीत असणार?

ठेवा म्हणालो. पण तो आता जळगावहून, दुकानात बसून, गिऱ्हाईकाशी बोलता बोलता आपल्या मशीनला हात लावणार नाही. इथे यायचं. शेजारी कंपनीचं माणूस बसलेलं पाहिजे. शेठ म्हणाले, कोण बसणार शेजारी, विधीला वेळ नाही. मी म्हटलं, मी बसतो.

तेव्हा सोमवारी, तीस तारखेला, दहाच्या आत ये. ऑफिसच्या मशीनचं जे राहिलंय ते करायचं आहे म्हणे. मी लॅबमधली खुर्ची आणून ठेवतो. कमलबाई अजून तुझं नाव काढलं की उठून जाते. मी तिला काही सांगणार नाही, ती आणि तू बघून घ्या. मलाही तुझ्याशी पहिल्यासारखं बोलता येईल की नाही ते आज सांगता येत नाही. नसेल येत तर कामापुरतं बोलू.

एवढंच करायचं. कुठलंही बटण दाबायच्या आधी, ते दाबल्यावर काय होतं ते मला सांगायचं. मला समजेल असं. नाही समजलं तर पुन्हा सांगायचं. आणि मी हो म्हटल्याशिवाय दाबायचं नाही.

सुकदेव नाना